कौतिकाबाईने परत मागितलेली काच

लग्नकार्यात नवे पाहुणे विचारायचे, "जावईबापू काय करतात?" माझे सासरे, बिचारे, क्षणभर थांबून सांगायचे, "दवाखान्यात आहेत." डॉक्टर आहेत का, हा पुढचा प्रश्न येण्याआधी ते पाहुण्यांच्या ताटात आणखी एक बुंदीचा लाडू टाकायचे.

मी डॉक्टर नव्हतो. मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या स्टुलावर, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून माझी सगळी नोकरी गेली. लोक मला ‘रगतवाले भाऊ’ म्हणत. मी गावात शिरलो की लहान पोरं घरात पळायची आणि जेवत नसली की आया माझंच नाव घ्यायच्या. कुठल्याही सरकारी माणसाला इतकी प्रसिद्धी फुकटात मिळत नाही.

नव्याण्णव साली मी चिचगडच्या पलीकडच्या, जंगलाला लागून असलेल्या केंद्रात रुजू झालो. मूळचा मी तिरोड्याकडच्या धानाच्या शेतकऱ्याचा मुलगा, त्यामुळे चिखल आणि डास मला नवे नव्हते. तिथला ताप मात्र नवा होता. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपत आली की तो घराघरात शिरायचा. भर उन्हात माणसं गोधड्या घेऊन ओसरीवर कुडकुडत पडलेली असायची आणि बांधावर कामाला माणूस मिळायचा नाही.

ज्यांनी हे काम कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताप आलेल्याच्या डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचायची. काचपट्टीवर रक्ताचा एक जाड थेंब ठेवायचा आणि शेजारी एक पातळ थर ओढायचा. वाळवायचं, रंगात बुडवायचं, धुवायचं, वर तेलाचा थेंब सोडून सर्वांत मोठ्या भिंगाखाली धरायचं. जाड थेंबात मलेरियाचा जंतू शोधायचा आणि पातळ थरात तो कोणता आहे ते ओळखायचं. आमच्याकडे दोन जातींचे सापडत. एक माणसाला गदागदा हलवून सोडून देतो आणि पुन्हा कधीतरी येतो. दुसरा जिवावर उठणारा. लोक त्याला मेंदूचा मलेरिया म्हणत. त्याचं एक रूप अगदी विळ्यासारखं दिसतं, धान कापायचा विळा असतो ना, तसंच.

कधी कधी जंतू दिसत नाही, पण पांढऱ्या पेशींच्या पोटात काळपट तपकिरी कणी दिसते. जंतूने रक्त खाल्लं की मागे उरते ती घाण. पुस्तकात तिला मोठं नाव आहे. मी तिला राख म्हणायचो. चुलीत राख दिसली म्हणजे इथे काहीतरी शिजलं होतं, एवढं नक्की समजायचं.

हे सगळं ऐकायला सोपं आहे. पण काचपट्ट्या लांबलांबच्या गावांतून बसने यायच्या. बस नाल्याच्या पुरात अडकायची. निकाल घेऊन आमचा आरोग्य सेवक गावात पोचेपर्यंत कधी रोगी बरा होऊन शेतात गेलेला असायचा, आणि कधी निकाल ऐकायला तो उरलेलाच नसायचा. काचपट्ट्या उघड्या राहिल्या तर त्यांवरचं रक्त मुंग्या चाटून पुसून खात. एका पावसाळ्यात एका सेवकाने काचपट्ट्या वाळत नाहीत म्हणून चुलीशेजारी मांडल्या. रक्त काचेवर शिजून घट्ट बसलं, रंग आत शिरेना. मी त्याला म्हटलं, "पुढच्या खेपेला मीठमिरची पण टाकून आण." तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

कौतिकाबाई माझ्याकडे पहिल्यांदा आली ती अशाच एका रोवणीच्या दिवसांत. मुलाने तिला जवळजवळ ओढत आणलं होतं. अंग तापलेलं, ओठ सुकलेले, पण तोंड चालूच. "अंगात रगत नाई मनून त ताप येते, न् तुमी उरलेलं बी काढता." तरी मी बोट टोचलं. काचेवर विळेच विळे होते. गोळ्या दिल्या तर तिने त्या वासावरूनच परत केल्या.

"कडू हायेत. माह्या अंगात कायी नाई."

"मावशी, मी पाहिलं ना आत्ता."

"तुमी पायलं. म्या कुठी पायलं? मले दाखवा."

इतक्या दिवसांत असं कोणी मागितलं नव्हतं. नर्सबाई हसल्या. मी उठलो आणि कौतिकाबाईला माझ्या स्टुलावर बसवलं. तिने आधी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग कपाळ भिंगावर आपटलं. मी चाक फिरवत राहिलो. एकाएकी तिने माझा हात धरून चाक थांबवायला लावलं. म्हणाली, "इळा हाय."

"हो, विळाच आहे."

"माह्या अंगात?"

त्या दिवशी तिने गोळ्या माझ्यासमोर गिळल्या. आठवड्याने बाजारात भेटली तेव्हा आजूबाजूच्या बायांना ती माझी ओळख करून देत होती. "हे भाऊ लबाड नाईत. डोऱ्यानं पाह्यते, न् दाखवते बी." मग तिच्या गावात पद्धतच पडली. बोट टोचून घेतल्यावर माणूस स्टुलाकडे बोट दाखवून मला उठायला सांगायचा. दिसल्याशिवाय कोणी गोळी घेईना, आणि दिसल्यावर कोणी टाकून देईना. मला याचा फार अभिमान होता. दिसलं तर मानायचं, हा धडा त्या गावाला मी शिकवला होता.

काही वर्षांनी कार्ड आलं.

तळहाताएवढं प्लास्टिकचं ते कार्ड गावातल्या आशाताईंच्या पिशवीत असायचं. कौतिकाबाईच्या गावची आशाताई ललिता. बारीक चणीची, सायकलवरून भरभर फिरणारी. बोटाचा थेंब कार्डावर टाकायचा, बाटलीतल्या पाण्याचे थेंब सोडायचे, चहा होईल एवढा वेळ थांबायचं. एक रेघ आली तर काही नाही. दोन आल्या तर मलेरिया. ना भिंग, ना रंग, ना बस, ना मी.

मला ते कार्ड आवडलं नाही हे सांगायची गरज नाही. ललिताला मी त्याचे दोष मोजून दाखवायचो. सुरुवातीचं ते कार्ड फक्त जिवावर उठणाऱ्या जातीला ओळखायचं. दुसऱ्या जातीने माणूस कुडकुडत असला तरी कार्ड साफ. जंतू किती आहेत, वाढताहेत की कमी होताहेत, हे ते सांगत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कार्डाला जंतू दिसतच नाही. जंतूने रक्तात सोडलेला एक पदार्थ त्याला समजतो, आणि तो पदार्थ जंतू मेल्यावरही कितीतरी दिवस रक्तात राहतो. मोहाची दारू काढलेल्या घरात भट्टी विझल्यावरही वास येत राहतो, तसं. माणूस बरा झालेला, तरी कार्डावर दोन रेघा.

ललिता ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पन सर, माहा निकाल आजच्या आज भेटते."

एका पावसाळ्यात पुराने तिचं गाव तुटलं होतं. पलीकडच्या टोल्यावरचं, म्हणजे वस्तीवरचं, एक लेकरू तापाने फणफणलं. ललिताने कार्ड लावलं, रेघा पाहिल्या, तिथल्या तिथे गोळ्या सुरू केल्या. पाणी ओसरल्यावर लेकरू आईच्या कडेवर बसून केंद्रात आलं आणि माझं पेन ओढू लागलं. माझी काचपट्टी असती तर ती तेव्हा नाल्याच्या अलीकडेही पोचली नसती. त्या दिवशी मी ललिताला चहा पाजला आणि कार्डाबद्दल तिच्या तोंडावर वाईट बोलणं बंद केलं. पाठीमागे थोडं चालू होतं.

आता भुमेश्वरीची गोष्ट.

भुमेश्वरी म्हणजे कौतिकाबाईची सून. नवरा कोहमाऱ्याहून सुटणाऱ्या एका ट्रकवर, महिन्यातून दोनचारदा घरी. घरात या दोघीच. भुमेश्वरीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. पहिलं तिसऱ्या महिन्यातच गेलं. दुसरं सातव्यात, ताप येऊन. तेव्हा गावात फिरणाऱ्या कुठल्याशा डॉक्टरने सुई दिली होती आणि दोन दिवसांनी मूल मेलेलंच जन्मलं. कौतिकाबाईचा पक्का समज होता की ताप निघून गेला असता, सुईनेच घात केला. गरम औषध पोटातल्या जिवाला सोसत नाही, हे ती कोणालाही पटवून देऊ शकत असे.

तिसऱ्या खेपेला भुमेश्वरी सहाव्या महिन्यात असताना ललिता त्या दोघींना घेऊन केंद्रात आली. हातात कार्ड. त्यावर दोन रेघा होत्या, दुसरी फिकट, पण होती. भुमेश्वरी बाकावर भिंतीला टेकून बसली होती. ताप फार नव्हता, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

मी रक्त घेतलं. काच रंगवली. पाहत गेलो. कडेने गेलो, मधून गेलो, पातळ थर पाहिला, पुन्हा जाड थेंबाकडे आलो. काही नाही. दुपारी पुन्हा रक्त घेतलं. दोघींना केंद्रातच ठेवून घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत घेतलं. जंतू नाही, विळा नाही, राखसुद्धा नाही.

त्यात भुमेश्वरीने सांगितलं की काही आठवड्यांपूर्वी ती छत्तीसगडच्या बाजूला माहेरी असताना तिला ताप आला होता आणि तिथे कोणीतरी गोळ्या दिल्या होत्या. कसल्या, हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणजे कार्डाला येणारा वास जुन्या तापाचाही असू शकत होता. मी ललिताला तसं म्हटलं.

"सर, लाईन हाय ना पन," ती हट्टाने म्हणाली. "माहा कार्ड उगाच नाई बोलत."

आमच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, नागपूरच्या. बोलायला कमी आणि ऐकायला जास्त. त्यांनी माझ्या तिन्ही काचा स्वतः पाहिल्या. मग मला म्हणाल्या, "तुमच्या नजरेत खोट नाही. पण गरोदर बाईत हा जंतू कधी कधी वारेत जाऊन बसतो. बाळाला जिथून रक्त मिळतं, तिथेच. बोटाच्या रक्तात तो येतच नाही. मग तुम्हाला दिसणार कसा? मागचं बाळही असंच गेलं असेल."

"आणि जुन्या तापाची रेघ असली तर?"

"तर गोळ्या वाया जातील. आता सहावा महिना आहे, या महिन्यात चालणाऱ्या गोळ्या आहेत. दुसरी शक्यता खरी असली आणि आपण थांबलो, तर बाळ जाईल. मी देणार."

पण द्यायला घेणारीने घेतल्या पाहिजेत. मॅडमनी कौतिकाबाईला सगळं नीट समजावलं. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. त्यांचं बोलणं संपल्यावर ती माझ्याकडे वळली.

"भाऊ, तुमी पायलं का?"

"पाहिलं, मावशी."

"दिसला?"

"नाही दिसला."

"मंग गोल्या कायले?" तिचा आवाज चढला. "मांगच्या बारीनं बी असाच ताप होता. त्या डागदरनं सुई देल्ली न् लेकरू गेलं. आता हे बी घालवता का?"

खोलीत सगळे माझ्याकडे पाहत होते. मी विचारलं, "मावशी, तुमच्याकडे मोहाची काढतात ना?"

"माह्या घरी नाई काढत!" ती असल्या तोऱ्यात म्हणाली की बाकावरची भुमेश्वरीसुद्धा हसली.

"तुमच्या नाही हो. शेजारी. भट्टी विझल्यावर वास जातो का लगेच?"

"कायचा जाते. दोनचार दिस राह्यते."

"या कार्डाला वास येतो. मी डोळ्याने भट्टी शोधतो. कार्डाला वास येऊन राहिला आणि मला भट्टी दिसत नाही."

ती विचार करू लागली. "मंजे वास कालचा हाय का आजचा, ते तुमाले मालूम नाई."

"नाही मालूम. मॅडम म्हणतात, भट्टी अंगणात नाही, आतल्या खोलीत आहे. वारेत. माझं भिंग तिथवर पोचत नाही."

"मंग म्या कोनाचं आयकू? तुमीच त सांगतलं होतं, दिसलं तं मानाचं."

ते खरंच होतं. मीच शिकवलं होतं आणि ती इतकी वर्षं त्याला धरून होती.

"मीच सांगितलं होतं, मावशी. आज मीच सांगतो, या वेळी माझ्या डोळ्यावर जाऊ नका. कार्डाचं ऐका." तिला काय वाटलं कोण जाणे, मला मात्र आपल्याच हाताने आपलं दुकान बंद केल्यासारखं वाटलं.

मग बोलली ती भुमेश्वरी. तोवर तिचा आवाजही मी धड ऐकला नव्हता. "आत्या, मांगच्या बारीनं पोट जसं जड जड वाटे, तसंच आता वाटून राह्यलं. मी घेते गोल्या."

सासूने सुनेकडे पाहिलं. मग पदराने नाक पुसून मॅडमना म्हणाली, "वास येऊन राह्यला त कोनी झोपते का घरात? द्या बाई."

गोळ्या ललिताने रोज समोर उभं राहून दिल्या. ताप उतरला. त्यानंतर बाळंतपणापर्यंतचे दिवस माझे फार वाईट गेले. दर बाजारच्या दिवशी दोघी यायच्या, मी बोट टोचायचो, काच साफ निघायची, आणि साफ निघाली म्हणून मला बरं वाटायचं नाही. साफ तर ती आधीही होती. मूल गेलं असतं तर त्या गावात कोणी पुन्हा गोळी घेतली नसती. पण खरी भीती त्याची नव्हती. कौतिकाबाई पुन्हा दारात उभी राहून "भाऊ, तुमी पायलं का?" म्हणेल, याची होती. घरी जेवताना मी गप्प असायचो. बायकोने विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मूल तिचं, आणि डोहाळे तुम्हाला."

धान चुरायचे, मळणीचे दिवस होते. खळ्यांवरून कोंडा उडत होता. सकाळच्या उन्हात भुमेश्वरी केंद्रात बाळंत झाली. मुलगी. इतकी लहान, की नर्सबाईंनी वजनकाट्यावर ठेवली तेव्हा काटा जेमतेम हलला. पण रडली. असं रडली की बाहेर व्हरांड्यात ललिता आणि मी एकमेकांकडे पाहून उगाचच हसू लागलो.

कौतिकाबाई घरून नवं गाडगं घेऊन आली होती. त्या भागात वार दवाखान्यात टाकून देऊ देत नाहीत. हळद लावून, गाडग्यात घालून, ती घरच्या अंगणात पुरतात. नर्सबाईंनाही ते ठाऊक होतं. त्यांनी वार गाडग्यात घालून तिच्या हाती दिली. मॅडमनी मला बाजूला घेतलं. "वारेतला एक थेंब पाहता येईल का? जिवंत जंतू असले तर आईला पुन्हा औषध द्यावं लागेल आणि बाळाला इथेच ठेवून लक्ष ठेवावं लागेल. एवढंसं बाळ आहे."

मी काचपट्टी घेऊन कौतिकाबाईपाशी गेलो.

"मावशी, यातला एक थेंब पाहिजे."

तिने गाडगं छातीशी ओढलं. "इले भोसकाचं नाई."

"बाळासाठीच पाहायचं आहे."

"भाऊ, हे सगरीच्या सगरी मातीत गेली पायजे. अर्दी इथं, अर्दी तिथं रायली त लेकरू घरात टिकत नाई." ती हळू बोलत होती, आत भुमेश्वरीला ऐकू जाऊ नये म्हणून. "पयल्या बारीनं कायीच हाती नाई आलं. दुसऱ्या बारीनं दवाखान्यातल्यानं फेकून देल्ली. कुठी पडली, मालूम नाई. कसं टिकन लेकरू?"

मी तिथेच तिच्या पायाशी बसलो. तिच्याशी वाद घालायचं माझ्या मनातही आलं नाही. दोन नातवंडं गमावलेल्या बाईला काय शिकवणार? एवढंच सांगितलं, "आतल्या खोलीत आता जाता येतं, मावशी. भट्टी विझली की चालू आहे, ते पाहून येऊ द्या. चालू असली तर बाळाला सांभाळावं लागेल."

बराच वेळ ती गाडग्यावरून हात फिरवत राहिली.

"किती घ्यान?"

"सुईच्या टोकाएवढं."

"काचीवर?"

"हो."

"मंग ते काच मले परत आना. पाहून झाली का आना. तिचं रगत तिच्या संगच जाईन."

आमच्या काचपट्ट्या परत द्यायच्या नसतात. त्या वरच्या तपासणीसाठी जपून ठेवायच्या असतात. पण वारेतलं रक्त पाहा असं मला कोणत्याच कागदाने सांगितलेलं नव्हतं, तेव्हा ते ठेवा असंही कोणी म्हणणार नव्हतं. मी म्हटलं, "आणतो. आजच आणतो."

काच रंगवून मी खिडकीजवळ बसलो. आयुष्यात इतकी काळजी करून मी दुसरी काच पाहिली नसेल. पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग एका पांढऱ्या पेशीच्या पोटात तपकिरी कणी दिसली. पुढे सरकलो, आणखी दिसली. मग जिथे पाहावं तिथे तीच. राख. नुसती राख. काचेचा कोपरा न् कोपरा पाहिला, जिवंत जंतू एकही नव्हता.

कार्डाने सांगितलं ते खरं होतं. तो आत होता, वारेत ठाण मांडून होता. आणि गोळ्यांनी तो मेला होता. डोळ्यांत पाणी आलं की भिंगातलं काही दिसत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. मी उठून मॅडमना जागा दिली. त्यांनी पाहिलं आणि भिंगावरून डोळा न काढता म्हणाल्या, "होता. आणि गेला."

ललिता दारातच उभी होती. "मी सांगतलं होतं ना, सर." मी तिला पुन्हा चहा पाजला. या वेळी सोबत समोसाही होता.

मग काचेवरचं तेल कापसाने टिपलं, ती कागदात गुंडाळून खिशात ठेवली आणि मोटरसायकल काढली. कौतिकाबाई गाडगं घेऊन आधीच गावाला गेली होती. तिच्या अंगणात पोचलो तर ती सीताफळाच्या झाडाखाली जमिनीवर बसली होती. शेजारी खड्डा. त्यात गाडगं उतरवून ठेवलेलं, पण माती टाकलेली नव्हती. खड्ड्यावर तिने बांबूची टोपली उपडी घातली होती आणि हातात काडी घेऊन ती कोंबड्या हाकलत होती. शेजारणी बुजवून टाक म्हणत होत्या, ती कोणाचंही ऐकत नव्हती.

"कवाची वाट पाहून राह्यली," ती म्हणाली. "दिसला?"

"होता. मेला. नुसती राख उरली आहे."

"लेकरापावतर पोचला नाई?"

"नाही. वारेतच राहिला."

तिने टोपली उचलली आणि खाली वाकून गाडग्याला हात लावला. "इनंच धरून ठेवला मना त्याले." त्या गाडग्याशी ती थोडा वेळ काहीतरी पुटपुटत राहिली. मला फक्त "बाई माही" एवढंच ऐकू आलं. मग तिने काच मागितली. उन्हासमोर धरून, एक डोळा नीट मिटून, तिने ती पाहिली. इतक्या वर्षांत तिची ती सवय गेली नव्हती.

"मले त कायी दिसत नाई."

"त्यातच आनंद आहे, मावशी."

काचेला हळदीचं बोट लावून तिने ती गाडग्यावर आडवी ठेवली आणि माती लोटायला सुरुवात केली. अर्ध्यात थांबून मला म्हणाली, "तुमी बी टाका. तुमच्या बी डोऱ्यानं मेहनत केली." मी मूठभर माती टाकली. नंतर तिने मला लाखोरीची डाळ आणि भात वाढला. मुलगी झाल्याचा असा पाहुणचार मला माझ्या स्वतःच्या लेकीच्या वेळीही मिळाला नव्हता.

पुढे नवी कार्डं आली. ती दोन्ही जाती ओळखतात. माझ्याकडे येणाऱ्या काचा कमी होत गेल्या. तापही कमी होत गेला, आणि त्याचं दुःख मानणारा मी नाही. फक्त एक वाटतं. डोळ्याची ही सवय बसून बसूनच लागते, आणि आता बसायला कोणाला वेळ नाही. कार्डाला वास येतो, पण राख दाखवायला माणूसच लागतो. दोन्ही असावीत, असं मला निवृत्त झाल्यावर उघडपणे म्हणता येतं.

निवृत्तीच्या आदल्या पावसाळ्यात कौतिकाबाई नातीला घेऊन आली. हेमा तिचं नाव. शाळेत जाणारी, तोंडाळ, आजीसारखीच. तिला ताप होता. ललिताचं कार्ड एका रेघेचं निघालं होतं. आजी आता वाकली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू.

"कार्ड साफ हाय मनते. तुमी बी पाहा."

मी बोट टोचलं, काच रंगवली, पाहिली. पुन्हा पाहिली. साधा सर्दीपडशाचा ताप होता. मी सवयीने उठून स्टूल कौतिकाबाईकडे सरकवलं.

"मले काय दिसते आता," ती म्हणाली. "तुमीच सांगा."

"काही नाही, मावशी."

"नक्की?"

"नक्की."

हेमा मात्र स्टुलावर चढून बसली. एक डोळा बरोबर मिटून तिने आत पाहिलं आणि नाक मुरडलं. "कायीच नाई यात. नुस्ते गुलाबी ठिपके." आजीला ते इतकं आवडलं की तिने ते पोरीकडून दोनदा वदवून घेतलं.

निघायच्या वेळी मी काचेवरचं तेल टिपलं, ती कागदात गुंडाळली आणि कौतिकाबाईपुढे धरली. तिने आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लक्षात आलं तशी ती बोळक्या तोंडाने हसली.

"राहू द्या भाऊ तुमच्याच जवर," ती म्हणाली. "पोरगी टिकली आता."